विलंब माफीचा अर्ज

हुक्केरी वकीलबाईंच्या टेबलावर तीन कागद.
एक इंग्रजीत, दवाखान्यातून सोडतानाचा.
‘आई व बाळ सुखरूप’ असं त्यात आहे,
हे मला आज कळलं.
सात वर्षं रेशनकार्डाच्या पिशवीत जपला होता,
पोरीच्या जन्मतारखेसाठी.
दुसरा कानडीत, छापील.
तिसरा कोरा.
उशीर का झाला ते त्यावर लिहायचं.

दोन वर्षांच्या आत यायचं असतंय, बाई म्हणाल्या.
नाहीतर आधी विलंबाची माफी मागावी लागते.

माफी.
मी.

लिहून घ्या मग.
रेश्मा परशराम कुंभार, खानापूर.
आमची भट्टी आहे.
मडकं द्यायच्या आधी आम्ही बोटाच्या पेरानं वाजवतो.
खण्ण वाजलं तर गिऱ्हाइकाला,
भद्द वाजलं तर बाजूला.
एखादं फसवून गेलंच बाजारात,
तर नंदगडची बाई बसनं परत घेऊन येते,
पाझरतंय म्हणते.
सासरे मुकाट दुसरं देतात.
तारीख विचारत नाहीत.

मला कुणी वाजवून बघितलं नाही.
तीस तास कळा, मग चिमटा, मग टाके.
किती टाके, ते इंग्रजीतसुद्धा लिहिलेलं नाही.
नवव्या दिवशी अंथरूण भिजलं.
सिस्टर म्हणाली, पहिलटकरणीचं असंच असतंय.
सहाव्या महिन्यात दुसरी म्हणाली, व्यायाम कर.
तिसऱ्या वर्षी एकानं जळजळीच्या गोळ्या दिल्या,
जळजळ नव्हतीच.
सासू वास आला की खिडकी उघडायची.
नवरा काही बोलला नाही,
नुसती वाकळ वेगळी केली.

मी गप्प बसले नव्हते, एवढं ठळक लिहा.
सात वर्षं सांगतच होते,
मराठीत.

आणि कळलं ते कानडीत.
बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात, गेल्या मार्चात,
आत निळं पाणी सोडलं.
निंगव्वा सिस्टरनं कापूस उजेडाकडं धरला,
निळा झालेला,
आणि माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली,
तूतु बिद्दैति, अव्वा.
भोक पडलंय.
माझी चूक नव्हती, साधं भोक होतं.
मी हसले म्हणे. मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मोजा की, बाई.
मोजू, म्हणाल्या. पण त्यांचा वकील विचारणार,
ओलं व्हायला लागलं तेव्हाच कसं नाही कळलं?
आता याला काय सांगू.
नवं मडकं पहिले दोन दिवस पाझरतंच.
आम्हीच सांगतो गिऱ्हाइकाला, थांबा, मुरेल.
मीही थांबले.
हे मात्र लिहू नका.

छापील कागद समृद्धीनं ओढून घेतला.
दुसरीत आहे, कानडी शाळेत.
बोट ठेवून वाचते: प. रि. हा. र.
म्हणजे काय गे आई?
भरपाई, असं बाई सांगतात.
मला तो शब्द एवढाच ठाऊक,
श्रमपरिहार,
काम उरकल्यावर सगळ्यांनी मिळून जेवायचं ते.
पुढं रकाना: रुपये, आणि रिकामी जागा.
साबण धरायचा का त्यात? फाडलेली लुगडी?
न गेलेली लग्नं, नणंदेचं बारसं,
बायकांना बस फुकट झाली तरी
रिकाम्या सीटशेजारी उभ्यानं केलेला प्रवास?
बिलं आहेत का, बाई विचारतात.
लुगडी फाडल्याची बिलं.

समृद्धीला मी सांगितलेलं नाही
की ही केस तिच्या वाढदिवसाची आहे.

बसा हो, बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या,
खुर्ची पुढं सरकवली.
ऑपरेशन होऊन पाच महिने झाले.
कोरडी आहे मी.
बसले. मराठीत सही केली.
उठताना हात आपसूक मागं गेला,
खुर्ची चाचपून आला.